हातावरची गोळी

गावच्या दूध सोसायटीत सकाळचं दूध मी मोजून घ्यायचे. लागोपाठ दुष्काळाची सालं. टँकर आठवड्यातून दोनदा यायचा, निम्म्या गावाची जनावरं चारा छावणीत होती, तरी दुधात पाणी घालायचं काहींनी सोडलं नव्हतं. "प्यायला पाणी न्हाई अन् दुधात घालायला बरं मिळतं!" असं मी तोंडावर सुनावायचे. सोसायटीचा सचिव माझा नवराच. तो कौतुकानं सांगायचा, हिच्यापासून काही लपत न्हाई.

लपलं की! तीन वर्षं लपलं, आणि तेही माझ्याच घरात.

पहिल्या खेपेला दिवस राहिले आणि तिसऱ्या महिन्यात पोट पडलं. केजच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, थायरॉइड कमी आहे. रोज पहाटे उपाशीपोटी एक गोळी, त्यावर अर्धा तास चहासुद्धा नाही. डोस बरोबर बसला की मगच पुढच्या लेकराचं बघायचं. माझं सगळं त्या डोसावर येऊन अडलं.

गोळ्यांची बाटली सासूबाईंनी स्वतःकडे घेतली. "तुला सोसायटीची घाई, इसरशील. मी देत जाईन." आणि खरंच, रोज पहाटे अंधारात त्या तांब्या घेऊन उशाशी उभ्या राहायच्या. हातावर बारकी पांढरी गोळी ठेवायच्या आणि मी गिळेपर्यंत हलायच्या नाहीत. मला आई नाही. मी गावभर सांगत सुटले, सासू असावी तर अशी.

पन्नासची गोळी होती. दर दोन महिन्यांनी रक्त द्यायचं आणि रिपोर्ट वाईटच यायचा. पन्नासची पंच्याहत्तर झाली, मग शंभर, मग सव्वाशे. केस मूठ मूठ गळत होते, तोंड सुजलेलं, भर उन्हाळ्यात मी गोधडी घेऊन बसायचे. शेवटी डॉक्टर वैतागले. "ताई, तुम्ही गोळी घेतच नाही. खोटं बोलून नुकसान कुणाचं?"

"रोज घेते हो, देवाशप्पथ."

शेजारी बसलेला नवरा म्हणाला, "खरं काय ते सांग बरं त्यांना." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच उन्हाळ्यात नणंदेचं लग्न झालं. ती नांदायला गेली आणि दीड-दोन महिन्यांत माझी छाती धडधडायला लागली, हात इतके थरथरायचे की दूध सांडायचं. रक्तात आता उलटंच निघालं, औषध जास्त झालेलं. डोस तर तोच, सव्वाशेचा! डॉक्टर म्हणाले, "आता कुठं नेमानं घ्यायला लागलात."

मी काही शिकलेली डॉक्टर नाही. पण रोज पातळ येणारं दूध एकाएकी घट्ट आलं, तर त्या घरात काय बदललं ते बघावं, एवढं मला कळतं. आमच्या घरातून एकच माणूस कमी झालं होतं.

घरी येऊन सासूबाईंची पेटी उघडली. बाटलीशेजारी सर्दीच्या बारक्या पांढऱ्या गोळ्यांची पुडी होती. विचारलं, तर त्यांनी आढेवेढेही घेतले नाहीत. नणंदेलाही हाच आजार निघाला होता. तिच्या नावानं केजच्या मेडिकलवरून बाटली आणली असती तर चार गावांत बोभाटा होऊन एकही स्थळ आलं नसतं. म्हणून गोळी एक दिवस तिला, एक दिवस मला. तिच्या दिवशी माझ्या हातावर सर्दीची गोळी.

"तुजं लगीन झालतं की," सासूबाई म्हणाल्या. "तिचं व्हायचं हुतं."

"अन् माजं लेकरू?"

त्यांनी पेटीचं झाकण लावून घेतलं. मी नवऱ्याकडे बघितलं. तो खाली मान घालून चपला शोधायला लागला. त्यालाही ठाऊक होतं. दवाखान्यात "खरं सांग" म्हणताना ठाऊक होतं! केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. अजून मी त्याच्याशी कामापुरतंच बोलते.

बाटली मी माझ्या ताब्यात घेतली. दोन तपासण्यांत पंच्याहत्तरवर डोस बसला. त्यासाठी माझी तीन वर्षं गेली.

मग एक दिवस नणंदेचा फोन आला. "वहिनी, मला दिवस गेलेत. लग्नापासून गोळी न्हाई. तुमच्या नावावर एक बाटली आणून द्या ना, इकडं कुणाला म्हाईत न्हाई."

अंगाचा तिळपापड झाला. बाटली मी आणली नाही. पण पोटातल्या जिवाचा काय दोष? माझं गेलेलं आहे, ते काय असतं मला ठाऊक आहे. म्हटलं, माहेरी ये, तुझ्याच नावानं चिठ्ठी काढू. आली. त्याच डॉक्टरांकडे मी तिला स्वतः घेऊन गेले.

डॉक्टरांनी विचारलं, "आधी कधी थायरॉइडची गोळी घेतलीय?"

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. "न्हाई," म्हणाली. "कधीच न्हाई."

ज्या खुर्चीत बसून मी शपथा खाल्ल्या होत्या, त्याच खुर्चीत ती बसली होती. डॉक्टरांनी मान डोलावली आणि तसंच लिहून घेतलं.