लाल मातीखालचं पाणी

येडशीच्या डोंगराकडेला आमच्या गावात एवढा दगड होता, की कोंबडीनं उकरलं तर ठिणग्या उडायच्या आणि बाया त्यावर चुली पेटवून घ्यायच्या. हे मी आयुष्यभर सांगत आलो. ऐकणारे हसतात, मीही हसतो. थापांच्या बाबतीत माझा हात धरणारा अख्ख्या बालाघाटच्या डोंगरात झाला नाही. पण एक थाप मी मारली तेव्हा कुणीच हसलं नाही. सगळ्यांनी ती खरी धरली. तीच इथं लिहितो, आणि तिला तिखटमीठ लावायची मला आज हिंमत नाही.

निजामाचं राज्य होतं, चाळीस सालानंतरचा काळ. मी बायको-लेकरांचा धनी, स्वतःची बैलगाडी हाकणारा माणूस. शाळा त्या राज्यात उर्दूत असायची. तिथं चार बुकं शिकलो होतो. सरकारी कागद आला की गाव माझ्या ओट्यावर जमायचं. कागदात चार ओळी असल्या तर मी अर्धा तास वाचायचो.

आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, उर्दूचं अक्षर येत नव्हतं. वसुलीचा गिरदावर आला, पोलीस आला, की आबा हात जोडून, तोंड वासून उभे राहायचे. "समजत न्हाय, सायब." आमच्याकडं ती रीतच होती. समजतं म्हणणारा वेठीला धरला जायचा, त्याच्या डोक्यावर साहेबाची ट्रंक चढायची. न समजणारा चार शिव्या खाऊन घरी यायचा. त्यामुळं गावात चांगली बोलणारी माणसंही साहेबासमोर मुकी व्हायची. आबांना मात्र खरोखरच येत नाही, अशी माझी खात्री होती. घरात त्यांच्या तोंडून एक शब्द कधी ऐकला नव्हता.

अशात एका हिवाळ्यात हैदराबादेहून दगडखात्याचे साहेब आले. खात्याचं खरं नाव हातभर लांब होतं. जमिनीच्या पोटात काय काय आहे त्याचा नकाशा काढायचं त्यांचं काम. त्यांनी माझी गाडी लावून घेतली. साहेब हातोडीनं दगडाचा टवका उडवायचे, भिंगातून बघायचे, जीभ लावायचे, मग त्यावर पांढरा रंग देऊन आकडा घालायचे. मी तो जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून पेटीत ठेवायचो. पेट्या भरल्या की येडशी स्टेशनावर नेऊन छोट्या रेल्वेत चढवायच्या. एवढे दगड गेले, की आमचा रामलिंगाचा डोंगर बोटभर खाली बसला.

साहेब म्हणायचे, ही सगळी भुई एके काळी पिठल्यासारखी रटरटत होती. एक थर निवला की वर दुसरा आला. हे मी गावात सांगितलं तर लोक पोट धरून हसले. मग मी म्हणालो, "सायब मला इचारल्याबिगर दगडावर आकडा घालत न्हाईत." तेव्हा सगळ्यांनी माना डोलवल्या. खऱ्याला हसायचं आणि खोट्याला मान द्यायची, असा तो सगळा कारभार. मला काय, मी सुखात होतो.

आबा सात वर्षं विहीर खणत होते. दुसऱ्यांच्या रानात तळहात टेकवून त्यांनी किती जणांना पाणी दाखवलं असेल. स्वतःच्या रानात चिंचेजवळ जागा धरली आणि तिथं लागला काळा पाषाण. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परस. आबा अशा पाच परसांखाली पोचले होते, तरी पहारीला ओल लागली नव्हती. ते फोडायचे, माय दोरीनं टोपली वर ओढायची. पिण्याचं पाणी माय दोन कोसांवरून आणायची. चुंबळ टेकून टेकून तिच्या टाळूवरचे केस गेले होते.

मायच एक दिवस मला म्हणाली, "तुझ्या सायबाला दाव की आपली हीर."

साहेब आले. मी आधीच डंका पिटलेला, त्यामुळं अर्धं गाव चिंचेखाली जमलं. शेजारचा म्हातारा म्हणाला, "आता सायब ह्येला इचारूनच पाणी काडतेल."

"मग, त्यात काय," मी म्हणालो.

साहेब दोरीनं खाली उतरले. बराच वेळ हातोडीचा आवाज येत राहिला. वर आल्यावर चष्मा पुसत माझ्याशी उर्दूत बोलले, हळू, नीट समजावून. इथं पाणी नाही. अजून दीड परस हाच दगड, मग लाल मातीचा थर. तीही कोरडीच असेल. तुझ्या वडलांना म्हणावं, आजच थांबा. खाली ओढ्याकाठी भोकाभोकांचा दगड आहे, तो पाणी धरतो, तिथं खणा.

सगळं गाव माझ्या तोंडाकडं बघत होतं. मायच्या हातात दोरी तशीच.

"काय म्हणतेत रं सायब?" आबांनी विचारलं.

"जागा बरूबर हाय म्हणतेत," मी म्हणालो. "आजून दीड परस काळा दगुड. मग लाल माती. लाल मातीखाली पाणी."

आबा माझ्याकडं बघत राहिले. मग साहेबांकडं वळून त्यांनी हात जोडले. "समजत न्हाय, सायब. पोरगं म्हणतंय तसं करतो."

आणि पहार उचलून खाली उतरले.

घरी गेल्यावर सांगून टाकू, असं मी ठरवलं होतं. पण त्या दिवशी आबांनी रोजच्यापेक्षा एक भाकर जास्त खाल्ली आणि माय उगाचच हसत होती. म्हटलं, उद्या सांगू. असे उद्या करत करत साहेबांचा मुक्काम उठला.

पुढच्या हिवाळ्यात ते एका दिवसासाठी परत आले. मी त्यांच्याच पेट्या घेऊन येडशीला गेलो होतो. आलो तर विहिरीच्या ढिगाऱ्यावर त्यांची हातोडी. आबा म्हणाले, "सायब यिऊन गेले. ही ठिवून गेलेत." मला वाटलं, माझ्यासाठीच. साहेबांनी इनाम दिलं म्हणून ती हातोडी मी महिनाभर गावात मिरवली.

त्या उन्हाळ्यात लाल माती लागली. आबा मूठभर घेऊन वर आले आणि मायच्या कपाळाला लावली. मायनं गाव बोलावून गूळ वाटला. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो. लाल थर हातभर होता. त्याखाली पुन्हा काळा पाषाण.

मी काठावर बसलो होतो. माझा चेहरा बघून आबाच खालून म्हणाले, "तोंड पाडू नगंस. लागंल."

त्यांना खोकला लागला होता. त्यात धुरळा यायचा, पुढं रक्तही आलं. मी म्हणायचो, आता बास करा. ते म्हणायचे, "तूच म्हणलास न्हवं, खाली हाय म्हणून?" चेष्टेनं म्हणायचे की कशानं, मला आजही सांगता येत नाही. त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका दुपारी मायनं वरून हाक मारली, ओ आली नाही. मी उतरलो. आबा भिंतीला टेकून बसले होते, पहार मांडीवर. अंग दगडाइतकंच गार होतं.

तेराव्यानंतर मी मायपुढं बसलो आणि सगळं ओकलो. ती तूर निवडत होती. हात थांबला नाही.

"ठावं हाय," ती म्हणाली.

"कसं?"

"त्यो सायब दुसऱ्यांदा आलता तवा दोगं ढिगाऱ्यावर बोलत बसलते. भाकरी पार निवून गेल्या."

"आबांना कुठं येत व्हतं त्येंचं बोलणं?"

"लगीन व्हायच्या आदी धा वर्सं हैद्राबादेत दगडं घडीत व्हते त्ये. तुझ्यापरीस बेस बोलायचे."

"मग मला का न्हाय सांगितलं?"

माय सुपातले खडे वेचत राहिली. "म्या बी हेच इचारलं. तर म्हणले, लेकरू समद्या गावाम्होरं बोललंय." मग म्हणाली, "आन ती हातोडी त्येंलाच दिलती सायबानं."

वर्ष फिरलं. निजामाचं राज्य गेलं. मी ओढ्याकाठी खणायला घेतलं आणि अडीच परसांवर भोकाभोकांच्या दगडातून पाणी आलं, साहेब म्हणाले होते अगदी तिथं. गोड पाणी. मायनं पहिली घागर भरली, डोक्यावर घेतली. मला वाटलं घरी निघाली. ती चिंचेकडं वळली, काठावर उभी राहिली आणि सगळी घागर आबांच्या विहिरीत ओतली. आवाज यायला वेळ लागला.

"हाय आता लाल मातीखाली पाणी," ती म्हणाली, आणि दुसरी घागर भरायला ओढ्याकडं उतरली.