अंकुशचं पहिलं मत

आमच्या प्लाटूनची पोस्टिंग तेव्हा ईशान्येकडच्या एका डोंगराळ जिल्ह्यात होती. पोस्ट टेकडीवर, खाली एकच कच्चा रस्ता. त्या रस्त्यावर गाडी काढायची तर आधी रोड ओपनिंग. म्हणजे आम्ही पुढे पायी चालायचं, रस्त्याखालची प्रत्येक मोरी आणि प्रत्येक उकरलेली माती तपासायची, मगच मागून गाडी सोडायची. मी हुद्द्याने नायक होतो, दहा जवानांच्या एका सेक्शनचा कमांडर. काम रोजचं होतं. रोजच्या कामाची भीती मरते असं लोकांना वाटतं. ती मरत नाही, माणूस फक्त ती दाखवायचं सोडून देतो.

परवा परतूरच्या एका कॉलेजात मला बोलावलं होतं. मतदानाचं वय अठराचं सोळा करावं का, असा पोरांचा वादविवाद. शेवटी म्हणाले, काका, तुम्ही काहीतरी सांगा. मी दोन वाक्यं बोललो आणि चहा पिऊन घरी आलो. तिथे जे जमलं नाही ते इथे लिहितो.

मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आलं, त्यानंतरची ती पहिलीच निवडणूक. माझ्या सेक्शनमध्ये सिपाही अंकुश होता, परतूरजवळच्या आष्टीचा, वय एकोणीस. मी परतूरचा, म्हणून ड्यूटीवर तो मला उस्ताद म्हणायचा आणि एरवी दादा. नजर घारीची, त्यामुळे तो स्काऊट होता, म्हणजे सगळ्यांच्या पुढे चालणारा. तोंडाला मात्र कुलूप नव्हतं.

सुट्टीवरून आला तो तणतणतच. त्याचे वडील रंगनाथअण्णा आष्टीतले जुने शेतकरी. निवडणूक आली की अण्णा मारुतीच्या पारावर बसून जाहीर करायचे, आमच्या घरची मतं यंदा अमक्याला. सुनांची धरून. गावातल्या सगळ्याच मोठ्या घरांची तीच रीत होती आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. यंदा अण्णांनी त्यात अंकुशचंही मत धरलं. अंकुश म्हणाला, माझं मी बघून घेतो. मग अण्णा चारचौघांत बोलले. ते शब्द अंकुशने मला जसेच्या तसे सांगितले.

"दाढी बराबर फुटली न्हाई अन् मत देऊन राह्यला. तुला काय कळतंय रे? मी सांगन तिथं शिक्का मार."

पारावर सगळे हसले. अंकुश सुट्टी अर्धी टाकून निघाला.

आमच्या लंगरमध्येही, म्हणजे जेवणाच्या तंबूत, त्यावर वाद झाला. बहुतेकांचं म्हणणं एकच, अठराव्या वर्षी रायफल देता तर मत का नको. मी अण्णांच्या बाजूचा होतो. मी म्हणालो, रायफलीच्या मागे हुकूम असतो, मताच्या मागे हुकूम नसतो, म्हणून मत जास्त अवघड. अंकुश लगेच म्हणाला, "मंग दादा, अण्णाचा हुकूम असल्यावर ते मत कुणाचं?" मी त्याला भांडी घासायला पाठवलं.

आम्हा फौजींची मतपत्रिका पोस्टाने येते. मागच्या खेपेला माझी आली होती ती निकालानंतर. हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. आपल्याकडचं मतदान दोन आठवड्यांवर होतं. त्याआधी तिथल्या डोंगरातलं मतदान आणि त्याचा बंदोबस्त आमच्याकडे.

तिथल्या बंडखोरांनी बहिष्कार पुकारला होता. गावागावांत निरोप फिरला होता की ज्या बोटाला शाई दिसेल ते बोट हाताला राहणार नाही. ब्रीफिंगला आमच्या कंपनी कमांडर साहेबांनी ते सांगितलं. तेव्हा मी नकळत माझी बोटं मुठीत घेतली होती.

मतदानाच्या दिवशी पहाटे पाचला निघालो. मधल्या मोरीत अंकुश पोटावर सरपटत शिरला आणि पलीकडून हात हलवत निघाला. रस्ता क्लिअर. मागच्या गाडीतून मतपेट्या आणि तिथलेच चार कर्मचारी आले. त्यांचे मुख्य एक शाळामास्तर होते. त्यांना पेट्यांच्या दोरीची गाठ सुटेना.

केंद्र शाळेच्या एका खोलीत होतं. सातला मतदान सुरू झालं आणि कुणीच आलं नाही. आठ वाजले, नऊ, दहा. समोर गाव दिसत होतं, चुलींचा धूर दिसत होता, पण अंगणात माणूस नव्हतं, कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. झाडीतून कुणीतरी आपल्याकडे बघतंय असं सारखं वाटायचं. मला भीती वाटत होती आणि तसं लिहायला मला आज लाज वाटत नाही.

अकराच्या सुमारास दोन मुली आल्या. अठरा-एकोणीसच्या असतील. एकमेकींचा हात धरून त्या मैदान ओलांडून सरळ आत गेल्या आणि मत देऊन बाहेर आल्या. डावा हात शालीत लपवला होता. अंकुशच्या समोरून जाताना त्यातली एक थांबली, तिने हात बाहेर काढून बोट पाहिलं आणि पुन्हा शालीत घातलं. मग त्या पळत सुटल्या. त्यानंतर गावातून माणसं येऊ लागली, आधी एकेकटी, मग घोळक्याने.

अंकुश दिवसभर गप्प होता. हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. मतदान संपल्यावर मास्तर पेट्यांना सील करत होते, तेव्हा तो दारात जाऊन उभा राहिला आणि त्याने डाव्या हाताचं बोट पुढे केलं. मास्तर म्हणाले, नियम में नहीं है, आपने तो वोट दिया नहीं.

"दूंगा, सर. हमारे गाव में बाकी है. कागज टाइम पे आयेगा के नहीं, मालूम नहीं."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, अंकुश, इथे ही निशाणी घेऊन फिरणं म्हणजे काय, कळतंय ना? तो म्हणाला, "त्या पोरींला बी कळत व्हतं, उस्ताद." मास्तरांनी बाटलीतल्या उरलेल्या शाईची काडी त्याच्या बोटावर ओढली. ती वाळेपर्यंत तो बोटावर फुंकर मारत होता.

चारला परत निघालो. सकाळी तपासलेला रस्ता येताना पुन्हा तपासायचा हा नियम आहे. अंकुश सगळ्यांच्या पुढे, मग मी, बरंच मागे गाडी. मधल्या मोरीपाशी त्याची चाल मंदावली. मग त्याने डावा हात ताठ वर केला. थांबा. मी मागे वळून तोच इशारा केला आणि गाडी जागेवर थांबली. मी पुन्हा पुढे पाहिलं. तो हात अजून वरच होता, त्याचं काळंनिळं बोट मला स्पष्ट दिसलं. तो हळूच म्हणाला, "उस्ताद, तार."

त्याच क्षणी स्फोट झाला.

माती खाली बसेपर्यंत काही दिसलं नाही. मग वरून फायर आलं आणि आम्ही उत्तर दिलं. मी वायरलेस सेट तोंडाशी धरला. "आयईडी ब्लास्ट. वन कॅज्युअल्टी. पोलिंग पार्टी सेफ. ओव्हर." पलीकडून साहेबांनी नाव विचारलं. नाव मला दोनदा सांगावं लागलं. गाडीतला एकही माणूस जखमी झाला नव्हता. पेट्यांना ओरखडा नव्हता.

त्या काळी आमच्याकडून पार्थिव घरी जात नसे. अंत्यसंस्कार तिथेच झाले. अस्थी घरी पोचवायला साहेबांनी मला पाठवलं. परतूर स्टेशनवर उतरलो, एसटीने आष्टीला गेलो. कलश मांडीवर होता. शेजारच्या बाईने तो पाहिला आणि काही न विचारता खिडकीकडे सरकून मला जागा दिली.

अस्थी घरात नेत नाहीत. अंगणातल्या लिंबाला कलश बांधला. अंकुशची आई आत होती, तिचा आवाज बाहेर येत होता. अण्णांनी मला समोर बसवलं. तो कसा गेला ते मी सांगितलं. ते खाली मान घालून ऐकत होते. मग त्यांनी एकच विचारलं.

"त्यानं मत दिलं का?"

"नाही, अण्णा. पत्रिका आली नव्हती. शाई तेवढी त्याने मागून लावून घेतली."

"कुणाला देनार व्हता?"

"ते त्याने मलाही सांगितलं नाही."

अण्णांनी लिंबाला बांधलेल्या कलशाकडे पाहिलं. म्हणाले, "मी त्याला पारावर हसलो, दादा. सगळ्यांम्होरं."

तिसऱ्या दिवशी आष्टीत मतदान होतं. सुतक फिटलेलं नव्हतं. सुतकातला माणूस चार लोकांत जात नाही, त्यामुळे अण्णांची कुणी वाट पाहत नव्हतं. नऊच्या सुमारास ते शाळेपाशी आले. डोक्यावर पटका नव्हता, दाढी वाढलेली. मागे दोन सुना होत्या. त्यांना ते एवढंच म्हणाले, तुमचं तुम्ही बघा. रांगेतले लोक आपसूक बाजूला झाले, पण अण्णा शेवटी जाऊन उभे राहिले. मी फाटकापाशी होतो. माझी पत्रिका युनिटमध्ये यायची होती, मला इथे मत नव्हतं.

ते बाहेर आले तेव्हा पारावरचे नेहमीचे लोक जमले होते. त्यातल्या एकाने जुन्या सवयीने विचारलं, अण्णा, यंदा घरची मतं कुणाला?

अण्णा थांबले. त्यांनी शाई लागलेलं बोट त्याच्यापुढे धरलं.

"ते इचारायचं नसतंय. माझं पोरगं सांगून गेलंय."

मग ते माझ्याकडे वळले आणि तेच बोट मला दाखवून हळू आवाजात म्हणाले, "असंच व्हतं का त्याचं?"

मी म्हणालो, होय अण्णा, असंच होतं.

अंकुशची मतपत्रिका नंतर युनिटला पोचली. मी परत गेल्यावर साहेबांनी सांगितलं, त्यांनी ती तशीच माघारी पाठवली होती. कॉलेजातल्या पोरांना मी एवढंच सांगितलं की सोळा का अठरा हे मला ठरवता येत नाही. आष्टीच्या अंकुशबद्दल बोलायला तोंड उघडलं, पण समोर सगळी त्याच्याच वयाची पोरं बसली होती.