वहिनींच्या घड्याळातले दहा

८ फेब्रुवारी १९५३, रविवार, सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटे. डोंबिवलीत आमच्या शेजारी राहणाऱ्या वहिनी स्टुलावर चढल्या, भिंतीवरच्या घड्याळाचा मोठा काटा बोटाने बारावर आणला आणि शांतपणे खाली उतरल्या. "दहा वाजले," असे म्हणून त्यांनी रडणाऱ्या बाळाला पदराखाली घेतले.

वहिनी बी.ए. होत्या, यजमान इंजिनिअर. बाळाला दर चार तासांनीच पाजायचे, मिनिटभरही आधी नाही, हा नियम त्यांनी एका विलायती पुस्तकातून घेतला होता. महिला मंडळातल्या त्यांच्या बरोबरीच्या बायकांनी दुधाच्या पावडरीचा डबा जवळ केला होता. तो दिवाणखान्यात, फुलदाणीशेजारी, पाहुण्यांच्या नजरेस पडेल असा ठेवला जाई. वहिनींना तो नको होता. "दूध माझं, वेळ शास्त्राची," असे त्या सांगत.

मी नुकतीच रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते, साहजिकच दर रविवारी बाळाला तोलण्याचे काम माझ्याकडे आले. जानेवारीभर काटा बारा पौंडांवरून हलला नाही. डॉक्टरांनी बजावले, महिन्याभरात वजन वाढले नाही तर डबा सुरू करायचा. पुस्तक सोडणे वहिनींना जमेना आणि रडणे ऐकवेना. त्यांनी पुस्तकही राखले, बाळही. बदलले ते घड्याळ.

"वहिनी, माझ्या घड्याळात नऊ वीस झालेत," मी म्हटले.

"तुझं परीक्षेचं घड्याळ गं. हे बाळाचं."

यजमान रोज संध्याकाळी रेडिओच्या बातम्यांबरोबर काटे मागे आणत. त्यांनी ते यंत्र दोनदा उघडले, तेल घातले. दोष सापडला नाही.

बाळ भरू लागले. वहिनी त्याला घेऊन मंडळात गेल्या आणि चार तासांच्या पद्धतीवर बोलल्या. तिघीचौघींनी डबा बाजूला ठेवून ती मनोभावे पाळली. त्यांची घड्याळे बरोबर होती. महिन्याच्या आत डबे परत आले.

मी हे सांगितले तेव्हा वहिनींनी बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतले. मग म्हणाल्या, "स्टुलाचं सांगायला हवं होतं गं. पण पुस्तकात नाही ना ते."

मेअखेर यजमानांची भुसावळला बदली झाली. निघायच्या सकाळी घड्याळ खोक्यात गेले होते, स्टूल बांधले होते आणि बाळ रडत होते. वहिनींनी रिकाम्या भिंतीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"किती वाजले गं?"

मी मनगटाकडे न पाहता सांगितले, "दहा."

पाजून झाल्यावर मी बाळाला शेवटचे तोलले. अठरा पौंड, दोन औंस.