पाहुणीचं कुंकू

शेवटचं आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलं ते एवढंच, की निगडीच्या बस स्टॅण्डवर एका कागदात भेळ खाल्ली. तिची दाढ दुखत होती, म्हणून शेंगदाणे वेचून माझ्याकडं सरकवत होती. मग दापोडीची बस आली.

आम्ही बीडकडचे. कंपनीपायी दापोडीत आलो अन् जन्म तिथंच गेला. गावाकडून कुणी आलं की गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीला, मी त्यांना हिंडवायचो. चिंचवडचं गणपतीचं देऊळ, निगडीचं भक्ती-शक्तीचं शिल्प, दुर्गा टेकडी. बायको घरी स्वयंपाकाला. हिंडून आलेल्या माणसाला भूक लागतेच. तिनं यातलं काहीच बघितलं नाही, हे मी रिटायर झाल्यावर तिनंच सांगितलं तेव्हा कळलं.

"मला पाहुणी समजा," म्हणाली, "अन् माझ्या भावाला हिंडवलं तसं हिंडवा."

म्हणून त्या गुरुवारी निघालो. देवळात पाया पडलो. भक्ती-शक्तीपाशी मान वर करून ती तिथल्या उंच झेंड्याकडं कितीतरी वेळ बघत राहिली. टेकडी मात्र राहिली. तिचे पाय भरून आले. बाकड्यावर बसून मला विचारते,

"पाव्हणं, तुमच्या गावाला पाणी रोज येतं का?"

"एक दिवसाआड."

"आमच्यासारखंच की. मग एवढ्या लांब कशाला आलात?"

"पाहुण्या बाया एवढं बोलत नसतात."

"आमच्याकडच्या बोलतात."

भेळ खाऊन घरी आलो तरी तिचं चालूच. चप्पल न काढता उंबऱ्यात उभी. "येते मी. निघालेल्या सवाष्णीला कुंकू लावत नाहीत का तुमच्यात?"

कुंकू करंगळीशेजारच्या बोटानं लावतात. माझं ते बोट प्रेस मशीनखाली गेलंय, अर्धंच आहे. मी तेच दाखवलं.

"उरलंय तेवढ्यानं लावा," म्हणाली.

मी म्हणालो, आत ये, चहा टाक. पुढच्या गुरुवारी टेकडी दाखवतो, मग कुंकूही लावतो अन् ओटीपण भरतो. ती हसली. चहा टाकला.

पहाटे ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाला हृदय. असेल. मेलेल्या माणसाचं काहीही सांगता येतं.

सकाळी आळीतल्या बाया आल्या. तिला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण. मी भिंतीला टेकून बघत होतो. शेजारच्या म्हाताऱ्या मावशींनी करंडा उघडला तेव्हा उठलो.

"द्या इकडं," म्हणालो.

मावशी बाजूला झाल्या. "लावा. तुमचाच मान हाय."

अर्धं बोट करंड्यात नीट बुडत नाही. दोनदा बुडवलं. कपाळ गार होतं. कुंकू वाकडं लागलं, नाकावर सांडलं. एक बाई पदरानं पुसायला पुढं आली, तिला मी नको म्हणालो.