मैनाबाईनं निवडलेली बासरी

भातकुलीच्या भगवंतरावाची थोरली बायको मैनाबाई लहानपणी बापाच्या म्हशी राखायची आणि बांधावर बसून बासरी वाजवायची. जाणारा गाडीवान बैल थांबवून ऐकत उभा राहायचा. लग्न झालं, डोक्यावर पदर आला नि बासरी माहेरीच राहिली. भगवंतरावाला हे सासऱ्याकडून कळलं होतं. तो हसला होता आणि विसरून गेला होता.

मग विलायतेच्या गिरण्या वऱ्हाडाच्या कापसाला हपापल्या आणि काळ्या मातीवाल्यांचे दिवस पालटले. त्या भरात भगवंतरावानं दुसरी बायको केली. मूल नसल्याचं निमित्त होतं. माणिकबाई तरणी, नाकीडोळी नीटस, अन् बासरीची वेडी. जत्रेत कोणी बासरी धरली की जागची हलायची नाही. ते पाहून भगवंतरावानं चाळिशीत बासरी शिकायचं मनावर घेतलं.

अमरावतीच्या बाजारात कापूस उतरवल्यावर तो मैनाबाईला बासऱ्या विकणाऱ्या अब्दुल रहीमच्या दुकानी घेऊन गेला.

"तुले समजते यातलं. तूच पाहून दे," तो म्हणाला.

इतक्या वर्षांनी याला आपली बासरी आठवली, ती दुसरीला रिझवायला, मैनाबाईच्या मनात आलं.

अब्दुल रहीमनं मेळघाटातल्या वेळूच्या बासऱ्या मांडल्या. त्यातली एक आखूड, बारीक, भोकं जवळजवळ असलेली पुढं केली. "नवशिक्याले हेच बरी, बाई. बोटं बसतात, दम कमी लागते."

खरंच होतं. मैनाबाईनं ती बाजूला सारली आणि मागची लांब, जाड बासरी उचलली. "हे द्या."

"हे तर मुरलेल्या हाताची आहे."

"हेच पायजे." मोठी वस्तू पाहून भगवंतरावही खूश झाला.

तो रोज ओसरीवर बसून फुंकायचा. बोटं पुरायची नाहीत, नुसती हवा फुसफुसायची. माणिकबाई पदरात तोंड घालून हसायची आणि चुलीपाशी मैनाबाईचा जीव गार व्हायचा. शेवटी कंटाळून त्यानं बासरी आढ्यात खोचली.

एका दुपारी घर रिकामं पाहून मैनाबाईनं ती काढली. तिची लांबसडक बोटं भोकांवर पुरून उरली. वाजवून डोळे उघडले, तर दारात माणिकबाई.

"बाई, मले शिकवता काय?"

"काहून? त्याईच्यापुढं वाजवाले?"

"त्याईले काय समजते त्यातलं?"

मैनाबाईला हसू आलं, ते तिनं गिळलं. "नाई शिकवत," म्हणाली.

पण माणिकबाई रोज दुपारी येऊन उंबऱ्यावर बसू लागली. नुसती ऐकायची. पुढच्या बाजाराला मैनाबाई तिला घेऊन अब्दुल रहीमकडे गेली. तिचा हात धरून एकेका बासरीवर बोटं टेकवून पाहिली आणि नेमकी बसेल ती घेतली.

माणिकबाई शिकली. शेजारणी म्हणायच्या, थोरलीपेक्षाही गोड वाजवते. मैनाबाईलाही ते ऐकू यायचं, आणि खरं आहे हेही कळायचं. चुकलं की ती खडसावायची, चांगलं मात्र कधी म्हणाली नाही. माणिकचा सूर नीट लागला की हातातलं काम टाकून उठायची अन् गोठ्यात जाऊन उगाच म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहायची.