भावोजींचा चिवड्याचा डबा

माझ्या थोरल्या दिरांनी आधी स्वतः पाहून पास केल्याशिवाय आमच्या गिरगावातल्या बिऱ्हाडात कोणी कधी सिनेमा पाहिला नाही. सरकारचं सेन्सॉर बोर्ड भावोजींना ढिलं वाटे. कचेरीतून परस्पर थिएटर गाठायचं आणि पाटावर बसता बसता निकाल सांगायचा: "बायकांना चालेल. मुलांना मध्यंतरापर्यंत." मग मुलांना खरोखरच मध्यंतरात उठवून घरी आणलं जाई. पुढे काय झालं विचारलं, की भावोजी सांगत, "लग्न झालं." नायक मेलेला असला तरी लग्नच. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा जोरात होत्या तेव्हा आम्हा बायकांना शिवाजी पार्कवर नेण्याआधी ते एकटे एक सभा ऐकून आले. "भाषा कडक आहे, पण विषय घरगुती आहे," म्हणाले, आणि आम्हाला परवानगी मिळाली.

पास झालेल्या सिनेमातही धोक्याच्या जागा असत. त्यांच्यासाठी भावोजींच्या मांडीवर चिवड्याचा पितळी डबा असे. नायक-नायिका जवळ आले, की झाकण खाडकन उघडे. "हं, हात पुढे करा. खाली बघा, सांडेल!" पुढच्या रांगेतून शुकशुक होई. आमच्या मुलांना मात्र झाकण वाजलं, की आता काहीतरी बघण्यासारखं आहे, हे बरोबर कळे. ती हात डब्याकडे करत आणि डोळे पडद्याकडे. मी कधी चुगली केली नाही. चिवडा संपत होता, एवढं मला पुरे होतं.

मग तो लढाईचा इंग्रजी सिनेमा लागला, ब्रह्मदेशच्या जंगलातला. माझे धाकटे दीर महायुद्धात त्याच आघाडीवर गेले होते. मागाहून एक तार आली, बाकी काही आलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "मला बघायचाय."

भावोजी बघून आले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

"घरच्यांनी बघण्यासारखा नाही."

"का रे?"

"इंग्रजी आहे, आई. तुला कळायचा नाही."

"बंदुकीला कसली आलीय भाषा?"

"शेवट फार वाईट आहे गं."

"शेवट मला ठाऊक आहे," सासूबाई म्हणाल्या. "मधलं बघायचंय."

भावोजी आणखी दोनदा जाऊन आले. धोक्याच्या जागा पाठ केल्या. मग मला म्हणाले, "चिवडा जरा जास्त कर."

रविवारी आम्ही तिघं गेलो. सासूबाई मध्ये बसल्या. पहिली गोळी सुटायच्या आत झाकण वाजलं. सासूबाईंनी चिवडा मुठीत धरला. मान काही खाली गेली नाही. पुढे झाडाखाली बसून शिपाई पत्र्याच्या ताटल्यांत जेवू लागले, एकमेकांना कोपरानं ढोसून हसू लागले. सासूबाई पुढे वाकल्या. "पोटभर वाढतात गं," मला हळूच म्हणाल्या.

तेवढ्यात गोळीबार सुरू झाला. झाकण वाजलं नाही. मी वळून पाहिलं. भावोजी स्वतःच मान खाली घालून बसले होते, हात झाकणावर तसाच ठेवून. सासूबाईंनी डबा स्वतःच्या मांडीवर घेतला, उघडला, आणि आपल्या पन्नाशीच्या मुलाच्या ओंजळीत मूठभर चिवडा घातला.

"खा. खाली बघ. संपलं, की मी सांगते."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, "काय हो, घरच्यांना घेऊन जाण्यासारखा आहे का?"

"आईला विचारा," भावोजी म्हणाले. "मी नीट पाहिलेला नाही."