बैलबाजारातला मोबाईलवाला

वलगावात जुने मोबाईल इकणारा एक भाऊ हाय. आंधी तो बैलबाजारात दलाल होता, दात पाहून बैलाचं वय सांगे. लोकायनं बैल इकून टाकले, बाजार बसला, तवा त्यानं हे दुकान टाकलं. पण सवय गेली नाही. फोन हाती आला का पयले त्याच्या पाठीवर थाप मारते, अन् सौदा आजबी रुमालाखाली बोटं दाबूनच करते.

मले नवा फोन पाह्यजे होता. बायको म्हणे, "जुना कामातून गेला असं तो भाऊ म्हणन, तवाच घेऊ." मंग मी तिलेच घेऊन दुकानात गेलो.

भाऊनं फोनले थाप मारली. "काय होते याले?"

"लय सुस्त झाला, भाऊ. दुपारीच बॅटरी बसते."

"दिवसभर काय करतं याच्यावर?"

मी खोकलो. बायकोच बोलली, "खाटेवर लोळून व्हिडिओ पाह्यते."

"मंग फोन चांगला हाय, वयनी. मालक बदला."

बायकोनं माह्याकडं बोट दाखवलं. "याच्या बदल्यात काय भेटन?"

भाऊनं खांद्यावरचा रुमाल काढला, मले तोंड उघडाले लावलं, दात पाह्यले, अन् रुमाल परत खांद्यावर टाकला.